सोलापुरातून टेलिकॉम नियमनात वरच्या पदापर्यंत: काय शिकायचं आणि कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा: वय 25, सोलापुरातूनच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी, होटगी रोडवरच्या एका लहान इंटरनेट कंपनीत नेटवर्कचं काम. पुढे टेलिकॉमचे नियम आणि डिजिटल धोरण ठरवणाऱ्यांत जायचं आहे, तेही निर्णय घेण्याच्या जागेपर्यंत. यूपीएससी हा एकच रस्ता आहे का? दिल्लीला गेल्याशिवाय सुरुवात होते का? बाई म्हणून नेमकं कुठे अडतं? आणि वडिलांची काळजी: लग्नानंतर बदल्यांचं काय?

सुरुवात सोलापुरातून होते, आणि ती परीक्षेच्या क्लासपासून करायची गरज नाही. या क्षेत्रात माणूस वर जातो तो मोजून लिहिता आल्यामुळे. सभेत छान बोलणारे पुष्कळ असतात. आकडा, कलम आणि कारण एकाच परिच्छेदात असं बसवायचं की समोरच्या वकिलाला ते उपटता येऊ नये, हे फार थोड्यांना जमतं. ज्या बाईला ते जमतं तिला डावलणं ऑफिसला परवडत नाही.

असं का, ते एका प्रकरणावरून कळेल. ऑक्टोबर 2015 मध्ये ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या नियामक संस्थेने) नियम केला: कॉल मधेच तुटला तर कंपनीने ग्राहकाला 1 रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलसाठी. हेतू चांगला होता आणि लोकही खूश होते. 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ट्रायच्याच नंतर आलेल्या तांत्रिक टिपणात म्हटलं होतं की सुमारे 36.9 टक्के कॉल ड्रॉप ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी होतात. मग सगळ्या ड्रॉपचा भुर्दंड कंपनीवर का, याचं उत्तर नियमाच्या कागदपत्रांत नव्हतं. ते टिपण आधी आलं असतं आणि नियम त्याला धरून बेतला असता, तर निकाल वेगळा लागण्याला जागा होती. नियामकाचं खरं काम इथेच आहे. लोकांच्या बाजूचा नियम कच्चा लिहिला, तर तो लोकांच्याच हातून जातो.

ट्रायची ताकद कुठे संपते हे आधी पक्कं करा. ट्राय 1997 च्या कायद्याने आली, आणि 2000 च्या दुरुस्तीने तंट्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण झालं, ते टीडीसॅट. दर, कंपन्या-कंपन्यांमधली जोडणी आणि सेवेचा दर्जा या बाबतींत ट्रायचा शब्द बंधनकारक. परवाने आणि स्पेक्ट्रमच्या (मोबाइल सेवेसाठी वाटल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींच्या) बाबतीत ती फक्त शिफारस करते, निर्णय दूरसंचार विभागाचा. एकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथून तक्रारीचा डॉकेट नंबर, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण. ग्राहक आयोगातही जाता येतं, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. यात गल्लत करणारं पत्र वाचताना अधिकारी दुसऱ्या ओळीला ओळखतो की लिहिणाऱ्याने ट्रायची कामं सांगणारं कलम 11 उघडलेलंच नाही.

आता सोलापूर. इथे शिकायला जे मिळतं ते दिल्लीच्या ऑफिसात बसून मिळत नाही.

परवान्याच्या हिशेबात सोलापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. मुंबई वेगळी; पुणे, नाशिक, नागपूर आणि शिवाय गोवा आपल्याबरोबर. वर्षानुवर्षं दर्जाची मोजणी या अख्ख्या सर्कलवर होत आली. समजा सर्कलमध्ये 1,000 सेल आहेत (एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड करून सेल असतात, आणि प्रत्येक बॅन्डचे, म्हणजे लहरींच्या पट्ट्याचे, वेगळे). त्यातल्या 950 सेलवर ड्रॉप 0.5 टक्का आणि 50 सेलवर 12 टक्के. सगळ्यांवर सारखेच कॉल धरले तर सरासरी येते 1.075 टक्के. मर्यादा 2 टक्के, म्हणजे कंपनी पास. ते 50 सेल सगळेच्या सगळे करमाळा आणि सांगोल्यात असले तरी पास.

ही फट बुजवायला 2017 च्या नियमाने सरासरी सोडून वेगळी मोजणी आणली: 90 टक्के सेलनी 90 टक्के दिवस 2 टक्क्यांच्या आत राहायचं, आणि 90 टक्के दिवस 97 टक्के सेलनी 3 टक्क्यांच्या आत. सुधारणा मोठी होती, पण वरचंच उदाहरण लावून बघा. खराब सेल 5 टक्के आहेत, पहिल्या कसोटीत सूट 10 टक्क्यांची आहे. तिथे कंपनी पुन्हा पास. दुसऱ्या कसोटीवर ती अडते, पण खराब सेल 3 टक्क्यांच्या आत असते तर तिथेही पास. दिवसांचं तर याहून बोलकं आहे. 10 टक्के दिवस माफ म्हणजे महिन्याला तीन दिवस. पंढरपूरला आषाढीची दशमी, एकादशी, द्वादशी हे तीनच दिवस. ज्या दिवशी लाखो वारकऱ्यांतली चुकामूक झालेली म्हातारी पोराला फोन लावत असते, नेमका तोच दिवस गणितातून गळतो. यात कोणी लबाडी केलेली नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पंढरपूर नव्हतं, एवढंच. ते डोळ्यांसमोर असलेली बाई त्या टेबलावर हवी, असं मनापासून वाटतं.

ऑगस्ट 2024 मध्ये दर्जाचे नवे नियम आले आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. मोबाइल सेवेची मोजणी तिमाहीवरून महिन्यावर आणायची तरतूद त्यात आहे, आणि कव्हरेजचे नकाशे कंपन्यांनी वेबसाइटवर टाकायचे आहेत. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे मोठा बिघाड आता जिल्ह्याच्या पातळीवर मोजला जातो. जिल्ह्यातली सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यावी लागते. जिल्हा हे एकक नियमात शिरलं हा मोठा फरक आहे. तिथूनच पुढची मागणी करता येते: ड्रॉपचे आकडेही जिल्हावार जाहीर करा.

अशी मागणी नुसती करून भागत नाही, पुरावा लागतो. तो असा गोळा करा.

एकाच मॉडेलचे दोन ॲन्ड्रॉइड फोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घाला. सिग्नलची ताकद (आरएसआरपी), गोंगाटाशी गुणोत्तर (एसआयएनआर), बॅन्ड आणि सेल आयडी दाखवणारं ॲप टाका. एक रस्ता ठरवा, उदाहरणार्थ सोलापूर ते अक्कलकोट. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने जायचं. कॉल दोन मिनिटांचा, मधे एक मिनिट विश्रांती. 50 कॉल करून काहीच सिद्ध होत नाही, कारण 2 टक्क्यांनी त्यात एकच तुटायला हवा आणि एकाचे दोन योगायोगाने होतात. 300 कॉल करा. 2 टक्क्यांनी 6 तुटायला हवेत. 7-8 तुटले तर गप्प बसा. 15 तुटले तर तो योगायोग नाही, आणि हे गणित कोणीही तपासू शकतो. 300 कॉलना साधारण 15 तास लागतात, म्हणजे रोज अडीच तास धरले तर सहा दिवस.

वहीतली ओळ अशी दिसली पाहिजे (आकडे नमुन्याचे): सकाळी 9.40, वळसंगच्या अलीकडे, बॅन्ड 5, आरएसआरपी उणे 112, एसआयएनआर 1, सेल आयडी, नेटवर्क कोड (फोन कोणत्या कंपनीच्या, कोणत्या सर्कलच्या नेटवर्कवर आहे ते सांगणारा आकडा), गाडीचा वेग 50, कॉल 1 मिनिट 12 सेकंदांनी तुटला, गावात वीज होती. शेवटच्या तीन-चार गोष्टी लोक हमखास विसरतात आणि तिथेच सगळी मेहनत पाण्यात जाते.

वीज का लिहायची? वीज जाऊन बॅटरी संपली की टॉवरच बंद पडतो. तो बिघाड टॉवर बंद राहण्याच्या खात्यात मोजतात, ड्रॉपच्या नाही. रेंजच नाही म्हणून कॉल लागला नाही, तर तोही ड्रॉप नव्हे. आवाज गेला, तुम्ही ‘हॅलो हॅलो’ करून स्वतःच फोन ठेवलात, तर कंपनीच्या यंत्रात तो व्यवस्थित संपलेला कॉल दिसतो. या तिन्ही गोष्टींचे आणि खऱ्या ड्रॉपचा असे चार रकाने वेगळे ठेवा. आरएसआरपी उणे 80 इतका छान असून एसआयएनआर शून्याच्या खाली असेल, तर टॉवर लांब असल्याची तक्रार करू नका. तिथे दोष गर्दीचा किंवा एकमेकांत घुसणाऱ्या सिग्नलचा असतो आणि नवा टॉवर उभारून तो वाढूही शकतो.

नेटवर्क कोड तर सोलापूरकराने लिहायलाच हवा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत हद्दीजवळ फोन कर्नाटक सर्कलचा सेल पकडतो. तिथे तुटलेला कॉल महाराष्ट्राच्या आकड्यात येत नाही. गाव आपलं, त्रास आपला, आणि नोंद शेजारच्या राज्यात. 300 पैकी किती कॉल असे बाहेर गेले हे एका ओळीत लिहिलंत, तर ती ओळ वाचणारा अधिकारी थांबेल.

मग लिहायचं कुठे? ट्राय कोणताही नियम करण्याआधी कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागवणारा कागद, काढते. साधारण चार आठवडे प्रतिक्रियांना, पुढे दोन आठवडे इतरांच्या प्रतिक्रियांवर उत्तर द्यायला, मग ओपन हाऊस, म्हणजे खुली चर्चा. पेपरच्या शेवटी क्रमांक घातलेले प्रश्न असतात. कोणीही उत्तर पाठवू शकतं आणि ते ट्रायच्या वेबसाइटवर नावानिशी लागतं. तुमच्या नावाचा तो पहिला सार्वजनिक कागद. कंपनीत नोकरी असेल तर आधी मालकांची लेखी परवानगी घ्या, आणि कंपनीच्या यंत्रातला एकही आकडा वापरू नका. स्वतः रस्त्यावर मोजलेला आकडा तुमचा, ग्राहकांच्या नोंदी तुमच्या नाहीत.

वीसपैकी तीनच प्रश्न निवडा. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या वाक्यात होय की नाही ते सांगा. दुसऱ्या परिच्छेदात तुमचं मोजमाप, मोजण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा. तिसऱ्यात नियमाची पर्यायी भाषा, म्हणजे कोणत्या कलमात कोणते शब्द बदलायचे ते अक्षरशः. बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. ‘दर्जा सुधारावा’ ही इच्छा झाली. ‘अमुक कलमात परवाना क्षेत्र या शब्दांनंतर आणि जिल्हानिहाय हे शब्द घालावेत’ हा मसुदा झाला. अधिकाऱ्याला मसुदा उचलता येतो, इच्छा उचलता येत नाही. चौथा छोटा परिच्छेद कंपनीवर पडणाऱ्या खर्चाचा. तो लिहिलाच पाहिजे, कारण 2016 मध्ये कॉल ड्रॉपचा नियम तोलातच कमी पडला होता. चार पानांत आटपा, आणि इंग्रजी साधं ठेवा.

संख्येला मोल नाही असं नाही. वेबसाइट कोणतीही असो, डेटाचा दर सारखाच, हा 8 फेब्रुवारी 2016 चा नियम झाला तेव्हा लाखो ईमेल गेले होते. पण त्या गठ्ठ्यात कारणमीमांसेला उपयोगी पडली ती थोडी, नीट लिहिलेली उत्तरं.

नोकरीच्या वाटा. सरकारी वाट म्हणजे यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा, त्यातून भारतीय दूरसंचार सेवा. वय 21 ते 30, आरक्षणानुसार सवलत. पूर्वपरीक्षेत सामान्य अभ्यास 200 आणि विषय 300, मुख्य परीक्षेत 300 चे दोन पेपर, मुलाखत 200, एकूण 1,300 गुण. तुमच्या हातात अजून चार-पाच संधी आहेत. मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीत या सेवेच्या जागा किती आहेत ते आधी पाहा, दरवर्षी आकडा हलतो. स्पेक्ट्रमचं वेड असेल तर याच परीक्षेतून रेडिओ नियमनाची वेगळी सेवाही आहे. परवाना शुल्काचा हिशेब तपासणारी टपाल-दूरसंचार लेखा सेवा मात्र नागरी सेवा परीक्षेतून मिळते. ट्रायमध्ये बरेच अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात, म्हणून आधी सेवा आणि मग ट्राय हा क्रम सरळ पडतो.

दुसरी वाट तुमच्या सध्याच्या खुर्चीतूनच निघते. लहान इंटरनेट कंपनीत नियमांचं पालन बघणारं माणूस सहसा नसतंच. मालक, सीए आणि नेटवर्कवाला मिळून ढकलतात. ते काम मागून घ्या. परवाना शुल्काची तिमाही विवरणं, म्हणजे एजीआरच्या (समायोजित एकूण महसुलाच्या) 8 टक्क्यांचा हिशेब. ग्राहकांच्या नोंदी दोन वर्षं सांभाळणं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना 6 तासांत कळवणं आणि लॉग 180 दिवस ठेवणं. दोन वर्षं हे केलंत की मोठ्या कंपनीच्या रेग्युलेटरी विभागात मुलाखतीला बसताना तुमच्याकडे बोलायला खरं काम असेल. जोडीला तीन वर्षांची एलएलबी करा. सीईटी देऊन दयानंद विधी महाविद्यालयात इथेच होते. अभियंता आणि वकील ही जोडगोळी एकाच माणसात मिळणं फार दुर्मीळ आहे, टीडीसॅटसमोर तर त्याला सोन्याचा भाव. मूळ कायदाही बदलतोय: 1885 च्या तार कायद्याच्या जागी 2023 चा दूरसंचार कायदा येतोय, त्याची कलमं जून 2024 पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सगळ्यांनाच नव्याने शिकावं लागतंय. नवख्या माणसाला इतकी बरोबरीची सुरुवात पुन्हा लवकर मिळणार नाही.

आता अडतं कुठे. परीक्षेत किंवा भरतीत फारसं नाही. नोकरीला आठ-दहा वर्षं झाल्यावर अडतं, आणि अगदी गोड शब्दांत. ‘मॅडम, तुम्ही समन्वय छान करता’ म्हणून कार्यशाळा, ग्राहक जागृती, पाहुण्यांची व्यवस्था हे टेबल दिलं जातं. स्पेक्ट्रम, दर, परवाना आणि खटले या टेबलांवर पुरुष बसतात, आणि पुढे सदस्यपदासाठी अनुभव विचारला जातो तो याच चार टेबलांचा. समन्वय एक वर्ष जरूर करा. दुसऱ्या वर्षी लेखी विनंती करून यांतलं एक तरी टेबल मागा. तोंडी मागणी हवेत विरते. मसुदा तुमचा असेल तर फाइलवर टिपणीही तुमच्या सहीची जाऊ द्या, नुसतं ईमेलने ‘सर, बघून घ्या’ म्हणून पाठवू नका. दहा वर्षांनी फाइलच बोलते. फील्डची पोस्टिंग टाळू नका. घरचे म्हणतील टाळ, साहेबही मायेने म्हणतील टाळ, पण ज्याने टॉवरच्या खाली उभं राहून मोजलेलं नाही त्याला कंपनीचे अभियंते बैठकीत दोन वाक्यांत गुंडाळतात.

वरपर्यंत गेलेल्या बायकांचा क्रम पाहिला की हेच दिसतं. डोरीन बोगदान-मार्टिन 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात आल्या. तिथे त्यांनी नियमन आणि बाजारपेठेचा विभाग सांभाळला, जगभरच्या नियामकांची वार्षिक परिषद उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. 2018 मध्ये विकास विभागाच्या संचालक म्हणून निवडून आल्या. सप्टेंबर 2022 मध्ये बुखारेस्टला 172 पैकी 139 मतांनी महासचिव झाल्या. 1865 पासूनच्या संस्थेत या पदावरच्या पहिल्या बाई. पहिली निवडणूक जिंकायला 24 वर्षं लागली, आणि ती वर्षं मुख्य कामाच्या टेबलावर गेली. आपल्याकडे अरुणा सुंदरराजन. केरळमध्ये आयटी सचिव असताना मलप्पुरमच्या अक्षय प्रकल्पातून घराघरांत एकाला तरी संगणक शिकवण्याचं काम झालं. पुढे सामायिक सेवा केंद्रं, मग केंद्रात दूरसंचार सचिव, आणि 2018 चं राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरण त्यांच्याच कारकिर्दीत आलं. जिल्ह्याचा अनुभव त्यांना पुढे राष्ट्रीय धोरणात कामी आला.

डिजिटल धोरणातही सोलापूरच्या मुलीकडे एक जास्तीचं भांडवल आहे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, आणि दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. कागदावर सोपं वाटतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईचं बघा: घरी तेलुगू बोलते, शाळा झाली असेल तर मराठीत, आणि नवं सिम घेताना दुकानदार तिच्या अंगठ्यासाठी यंत्र पुढे करतो. तिला तेलुगू मजकूर दाखवला तर लिपी वाचता येत नाही, मराठी दाखवला तर ‘संमती मागे घेण्याचा अधिकार’ कळत नाही. तिच्यासाठी आवाजातली सूचना लागेल, तीही बोलीभाषेत. तुमच्या कंपनीच्या ग्राहक अर्जावर आजच अशी सूचना मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहून, दहा ग्राहकांना वाचायला देऊन, कुठे अडखळतात ते टिपून ठेवा. धोरणाच्या मुलाखतीत पदवीपेक्षा ती दोन पानं जास्त बोलतील.

वडिलांच्या प्रश्नाबद्दल. दूरसंचार सेवेत बदल्या होतात, त्या टळत नाहीत. पण पती-पत्नी दोघं सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी असं केंद्राचं धोरण आहे. मुलांच्या संगोपनासाठी बाईला नोकरीभरात 730 दिवसांची रजा मिळते, पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 365 दिवस 80 टक्के. फक्त एक सांभाळा: प्रतिनियुक्ती साधारण तीन वर्षांची असते आणि अर्जाला मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल लागतात. लांब रजा आणि प्रतिनियुक्तीचा अर्ज एकाच वर्षी आले तर अहवालात खाच पडते. म्हणून रजेवर जाण्याआधी त्या वर्षाचं स्वमूल्यांकन भरून, पोच घेऊनच घरी जा. खाजगी कंपनीत हे संरक्षण नाही, तिथे नियुक्तीपत्र घेतानाच पुणे-मुंबईतून घरून किती दिवस काम करता येईल ते लिहून घ्या.

पहिला कन्सल्टेशन पेपर उघडल्यावर अडलं, तर प्रश्नाचा क्रमांक आणि तुमच्या मोजणीची एक ओळ इथे लिहा. त्यावरून पुढचा मसुदा कसा करायचा ते नेमकं सांगता येईल.